यादीबाहेर

पट्टी घर नंबर एकशे चौदावर येऊन थांबली, तेव्हा काकासाहेबानं शाई लावून घ्यायला बोट आधीच पुढं केलं होतं. तहसीलमधून आलेला कोवळा अधिकारी यादीवर पट्टी धरून नाव शोधत होता. त्यानं ती एक ओळ वर नेली, एक ओळ खाली आणली आणि म्हणाला, "तुमचं नाव नाही यात." काकासाहेब हसला. असं कसं होईल, बघा नीट. अधिकाऱ्यानं नीट बघितलं आणि मोठ्यानं वाचलं: उषाबाई काकासाहेब, वय एक्केचाळीस, चांगुणाबाई लिंबाजी, वय अठ्ठ्याहत्तर, संपलं घर. चांगुणाबाई म्हणजे काकासाहेबाची आई. तिला जाऊन चार वर्षं झाली. म्हणजे मेलेली माय यादीत आणि जिता लेक बाहेर, घ्या. "मी सरपंचांचा मिस्टर आहे," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की या वाक्यानं आजवर आंबेखडीत जी जी दारं उघडली, त्यांत हे दार नाही. "असाल हो," अधिकारी म्हणाला, उद्धटपणे नाही, चांगल्या शब्दांत, "पण मतदार नाही आहात. रांग सोडा आणि चुन्याच्या रेघेबाहेर थांबा." रांगेत मागं कुणीतरी खुदकन हसलं. काकासाहेबानं वळून बघितलं नाही. पुढं केलेलं बोट मात्र खिशात घालावं की मुठीत मिटावं हे त्याला कळेना, ते तसंच घेऊन तो रेघ ओलांडून बाहेर आला.

शाळेसमोर लिंबाखाली सिमेंटचा बाक होता, त्यावर जाऊन बसला. बाकावर पाठीमागं सरपंचांचं नाव रंगवलेलं होतं, ते त्यानंच रंगवून घेतलं होतं. आज गाव त्याच नावावर मत द्यायला जमलं होतं. तीन वर्षांपूर्वी आंबेखडीचं सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. काकासाहेबानं बायकोला उभं केलं, गावानं थेट निवडून दिलं. आता नऊ सदस्यांपैकी सात जणांनी तिच्यावर अविश्वास आणला होता, आणि थेट निवडून आलेल्या सरपंचाला काढायचं तर सदस्यांच्या सह्या पुरत नाहीत, गावालाच विचारावं लागतं, असा कायदा. म्हणून विशेष ग्रामसभा, म्हणून गुप्त मतदान, चिठ्ठीवर दोन चौकोन: ठराव मान्य, ठराव अमान्य. मान्यवर शिक्के जास्त पडले की उषाबाई घरी. आणि उषाबाई घरी म्हणजे कोण घरी, हे आंबेखडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. काकासाहेब सकाळपासून त्याच भरवशावर होता. गाव बायकोचं नाव वाचून आपल्याला मत देणार, मागच्या खेपेला दिलं तसं. ते देताना रांगेत आपणही असावं, चार जणांच्या खांद्यावर हात टाकावा, एवढंच तर पाहिजे होतं. आता तो रेघेच्या अलीकडं होता आणि सारं गाव पलीकडं.

नाव कुठं गेलं ते त्याला बाकावर बसल्या बसल्या आठवलं, आणि आठवल्यावर कान तापले. जालन्यात त्याचं बिऱ्हाड आणि मोटार वाइंडिंगचं दुकान. पंधरा वर्षं झाली, जळालेल्या पाणबुडी मोटारी यायच्या, जुनी तार निघायची, नवी भरायची, वॉर्निशचा वास अंघोळ केली तरी हाताला. शेजारचा राधेश्याम महापालिकेला उभा राहणार होता, त्यानं गल्लीभर फॉर्म वाटले, नावं इकडं करून घ्या म्हणाला. काकासाहेबानं भिडेखातर सही ठोकली. राधेश्यामनं उषाबाईचाही फॉर्म पुढं केला तेव्हा मात्र तो चमकला होता. "येडा हायेस का, सरपंच हाय ती. नाव हललं तर पद जाईल की." एवढी अक्कल तेव्हा होती. तिचं नाव त्यानं डोळ्यांत तेल घालून जपलं आणि स्वतःचं कुणाच्या भिडेपोटी देऊन टाकलं. का, तर आपल्याला कधी नावाची गरज लागेल असं वाटलंच नाही. सरपंचपणा काय यादीतून आल्ता का त्याच्याकडं? तो उषाबाईच्या नावातून आल्ता, आणि उषाबाई तर घरातच होती, भाकरी थापत.

रांग पुढं सरकत होती. बायकांची रांग लांब होती, पुरुषांपेक्षा लांब, हे त्यानं आता पाहिलं. उषाबाई दाराशी उभी होती, जांभळ्या काठाचं लुगडं, डोक्यावर पदर, प्रत्येकीशी काहीतरी दोन शब्द बोलत होती. नियमानं बोलायचं नसतं, पण अधिकारीही काही म्हणत नव्हता. ती काय बोलते ते इथून ऐकू येत नव्हतं. काकासाहेबाला वाटलं, आपण सांगितलं तेच बोलत असेल. वीस दिवस झाले, रोज सकाळी अर्पिताचा डबा करून ती नऊच्या बसनं अंबडकडं निघायची, वडीगोद्रीला उतरून पुढं मिळेल त्या गाडीनं गावात यायची आणि संध्याकाळी परत. अर्पिता त्यांची एकुलती, अकरावीला. घरोघर फिरून काय सांगायचं ते काकासाहेब रोज रात्री जेवताना बायकोला सांगायचा: नळयोजना कोणी आणली, स्मशानभूमीचा रस्ता कोणी केला, शाळेला पत्रे कोणी टाकले. ती हूं म्हणायची. ती हूं म्हणते म्हणजे ऐकते, असा अठरा वर्षांचा हिशेब होता.

एकदा मात्र ती हसली होती. ते हसू त्याला आज का आठवावं, कोण जाणे. सरपंच झाल्यापासून तिच्या सगळ्या सह्या तोच करायचा. पहिल्या दिवशी चार पानं घोटून त्यानं तिची सही बसवली होती, ऐटदार, शेवटी खाली दोन रेघा. पुढं एकदा तो सुरतेला तार आणायला गेल्ता, कागद तातडीचा होता, म्हणून तिनं स्वतःच सही केली. आठ दिवसांनी पंचायत समितीतून कागद परत आला: सरपंचांची सही जुळत नाही. उषाबाईनं तो कागद हातात धरला आणि हसली. काकासाहेबही हसला, दोघं मिळून हसले, त्यानं ती गंमत दुकानात दहा जणांना सांगितली. आज बाकावर बसून त्याला वाटायला लागलं की ती वेगळं हसली होती आणि आपण वेगळं.

मत टाकून बदरोद्दीन आला आणि धापकन शेजारी बसला. बदरोद्दीन गावातला ट्रॅक्टरचा मिस्त्री, लहानपणापासूनचा दोस्त, दोघं एका पाटीवर शिकले. त्याच्या बोटावरची शाई अजून ओली होती. "ऐकलं मी," तो म्हणाला. "नाव निघालं नाही म्हणे तुझं."

"राधेश्यामच्या नादात गेलं. मीच सही केल्ती."

"मंग आता?"

"आता काय. बसायचं." काकासाहेबानं त्याच्याकडं बघितलं. "तू कुठं शिक्का मारला?"

"ते गुप्त असतं, काकासाब," बदरोद्दीन म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यानं दोस्ताच्या नजरेला नजर दिली नाही.

काकासाहेबाला वाटलं, मच्छिंद्रानं याला पण फोडला का? मच्छिंद्र उपसरपंच, अविश्वासाचा सारा कारभार त्याचा. सात सदस्यांना घेऊन आठ दिवस देवदर्शनाला गेला, कोणता देव ते कुणाला कळलं नाही. मधे एक दिवस तो जालन्याला दुकानातही येऊन गेल्ता. बाकड्यावर बसला, चहा पिला, आणि सरळ म्हणाला, काकासाहेब, पाण्याचं खातं माझ्याकडं द्या, मी सातही सह्या माघारी घेतो, गावाला कशाला तसदी. तेव्हा काकासाहेब कसा ताठला होता. "होऊन जाऊ दे," तो म्हणाला होता. "गावालाच विचारू. बराबर कळून जाईल कोण किती पाण्यात हाय." दुकानातल्या कारागिरांनी माना वर करून बघितलं होतं, त्याला बरं वाटलं होतं. मच्छिंद्राला गाव सौदा करायला पाहिजे होतं आणि आपल्याला टाळ्या वाजवायला. विचारायचं दोघांनाही नव्हतं. ही गोष्ट त्याला आज, रेघेबाहेर बसल्यावर सुचली, आणि ज्या दिवशी सुचायला पाहिजे होती त्या दिवशी सुचली नाही म्हणून तो स्वतःवरच चिडला.

तेवढ्यात सोनूबाई रेघ ओलांडून बाहेर आली. सोनूबाई खालच्या आळीची, सत्तरीची, काकासाहेबाच्या आईची मैत्रीण, तोंडानं फटकळ. तिनं शाई लागलेलं बोट उन्हात धरून बघितलं आणि मंग त्याला बघितलं. "तू का रे इथं बसला परक्यावानी?"

"नाव न्हाई मावशी माझं."

"बरं झालं," सोनूबाई म्हणाली. "तुला तरी कळंल, बाहेर बसून राह्यलं की कसं वाटतं ते. मी दोनदा आल्ते जालन्याला तुझ्या दुकानात, निराधारच्या पगाराच्या कागदासाठी. एकदा तू जेवायला गेल्ता, एकदा शिक्का घरी राह्यला. चहा पाजला तू, न्हाई म्हणत न्हाई मी. पण बाबा, चहासाठी का कोणी दीड तास एसटीत हाडं खिळखिळी करून घेतं?"

"मावशी, मंग तुम्ही काय, आम्हाला पाडलं का?"

"उषीला का पाडंन मी?" सोनूबाईनं कमरेवर हात ठेवले. "उषीला ठेवली. सगळ्या आळीनं ठेवली. ती घरी येऊन बोलली, माझ्या चुलीपाशी बसून. मावशी म्हणली, मला एक डाव ठेवा, शिक्का गावात आणते, पाणी मी सोडते. अन् मालकाला जालन्यातच ठेवते. मंग म्या म्हणलं, असं असंल तर घे बाई, माझं बी मत घे."

ती बोलून गेली, कुणाला दुखवायचं म्हणून नाही, भाजीचा भाव सांगावा तशी बोलली, आणि घराकडं चालायला लागली. काकासाहेबानं बदरोद्दीनकडं मान वळवली. "तुला माहीत होतं?"

बदरोद्दीन शाईच्या बोटाकडं बघत राहिला. "सारे गाव को मालूम है," तो म्हणाला. "माझ्या बायकोला, सरदारबीला पण. वहिनी आमच्या घरी पण आल्त्या. मी तुला फोन लावणार होतो, कसम से. दोनदा नंबर काढला. पण काय सांगू? वहिनी खोटं तर काही बोलल्या न्हाईत."

काकासाहेबाला राग यायला पाहिजे होता, तो वाट बघत राहिला, पण राग आला नाही. लोक जालन्याला यायचे, बाकड्यावर बसायचे, तो तार गुंडाळता गुंडाळता त्यांची विचारपूस करायचा, ड्रॉवरमधून शिक्का काढून खणकन मारायचा, चहा सांगायचा. त्याला वाटायचं, माणसं आपल्या मायेनं येतात. शहरात पंधरा वर्षं काढली, गल्लीत त्याला कोणी ओळखत नव्हतं, मोटारवाला म्हणायचे. पण गावचं माणूस दारात आलं की तो उठून उभा राहायचा, कारागिरांना सांगायचा, आमच्या गावचे. आणि पाण्याचं? रोज सकाळी सहाला दुकानाच्या पायरीवर बसून तो गावात फोन लावायचा, आज वरची आळी सोड, आज खालची बंद ठेव. साठ किलोमीटरवरून हाताच्या बोटावर गाव चालवायचा, आणि त्याला वाटायचं की गाव तहानलं तर आपल्याच घशाला कोरड पडते. ते खोटं होतं का? खोटं नव्हतं हो. त्यानं लई जीव लावला होता. पण ज्याला जीव लावला त्याला कधी विचारलं नाही, आणि विचारलं तेव्हा ते असं, चिठ्ठीवर, दुसऱ्याच्या नावानं. गावानं त्या चिठ्ठीतल्या चिठ्ठीत भलताच सवाल लिहून घेतला आणि त्याचं उत्तर देऊन टाकलं.

आणि उषा. तिनं वीस दिवस हूं म्हटलं.

चारला मतदान संपलं, दोन्ही पेट्या पाचवीच्या वर्गात नेल्या, मोजणी लागली. आता रेघेचं कोणी बघत नव्हतं, सारं गाव खिडक्यांना चिकटलं. बदरोद्दीननं हात धरून ओढलं म्हणून काकासाहेबही गेला, मागच्या खिडकीपाशी, लोकांच्या डोक्यांवरून दिसेल तेवढं बघायला. अधिकारी एकेक चिठ्ठी उलगडून दोन्ही बाजूंच्या माणसांना दाखवायचा आणि मोठ्यानं म्हणायचा. मान्य. अमान्य. अमान्य. मान्य. काकासाहेबानं जन्मात इतक्या मोजण्या बघितल्या, पण दरवेळेस छातीत एकच ढोल वाजायचा, आपला आकडा, आपला आकडा. आज ढोलच कुठं वाजवावा हे त्याला कळेना. अमान्य म्हणजे उषा राहिली. उषा राहिली म्हणजे आपण गेलो. मान्य म्हणजे उषा गेली, मच्छिंद्र आला, आणि आपण तरीही गेलोच. पण मंग उषा जालन्यात राहील, घरी, रात्री समोर बसून हूं म्हणेल, आणि दोघं मिळून गावाला शिव्या देऊ. मान्य, अधिकारी म्हणाला. मान्य. मान्य. सलग तीन आले, आणि काकासाहेबाच्या अंगात गोड गार काहीतरी पसरलं. ते काय आहे हे कळायला त्याला क्षणभर वेळ लागला. बायको पडावी असं त्याला वाटत होतं. आपल्या हातानं उभी केलेली, आपल्या अर्पिताची आई, ती हरावी म्हणून तो खिडकीचा गज धरून उभा होता. त्याला स्वतःची एवढी किळस आली की गज सोडून तो भिंतीला टेकला. यापेक्षा मच्छिंद्र बरा, त्यानं निदान उघड सह्या केल्या होत्या.

भिंतीच्या पलीकडून आवाज येतच होता. तो आता मोजत नव्हता. आईची आठवण आली, का आली माहीत नाही. चांगुणाबाई म्हणायची, देवाला कौल लावायचा तर दोन्ही कौल सोसायची तयारी ठेवून लावावा, न्हाईतर लावूच नये. मंग बाहेर कालवा झाला. मान्य तीनशे अडुसष्ट, अमान्य चारशे अकरा, बाद एकोणतीस. ठराव फेटाळला. सरपंच कायम.

मच्छिंद्राची माणसं मुकाट्यानं गाड्यांकडं निघाली. पोरांनी गुलाल आणला होता. मागच्या खेपेला याच शाळेसमोर पोरांनी काकासाहेबाला खांद्यावर घेतलं होतं आणि उषाबाई पदर सावरत बाजूला उभी होती. आताही एक जण सवयीनं मूठ भरून त्याच्याकडं धावत आला, जवळ आल्यावर थबकला, विचारात पडला, आणि दोन बोटांनी कपाळाला जरासा टिळा लावून मागं फिरला. लग्नात नवरीकडच्या पाहुण्याला लावतात तेवढा. बायकांनी उषाबाईला गराडा घातला होता. तिला कोणी खांद्यावर घेतलं नाही, बायका तसं करत न्हाईत, पण सोनूबाईनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि उषाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. काकासाहेबानं तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, जावं, जवळ जाऊन उभं राहावं. त्यालाही रडू येत होतं, आनंदाचं का कशाचं ते नंतर बघू. पण मधे सगळं गाव होतं.

सूर्य कलला तेव्हा ती त्याला शोधत मोटारसायकलपाशी आली. चेहरा गुलालानं माखलेला, डोळे सुजलेले.

"सोनूमावशीनं सांगितलं मला," तो म्हणाला.

"मला सांगायचं होतं, आधी," ती म्हणाली. "रोज ठरवायचे, आज जेवताना सांगंन. मंग तुम्ही नळयोजनेचं बोलायचे. मला बोलवत नव्हतं."

"मी लई वाईट केलं का गं गावाचं?"

उषाबाईनं विचार केला. तिनं खरंच विचार केला, हे त्याला दिसलं. "वाईट न्हाई केलं," ती म्हणाली. "रस्ता केला, नळ केला, कोणी विसरलं न्हाई. पण लोकं थकली होती, अहो. मी बी थकले होते."

त्यानं मान हलवली. "चल मंग, बस. अंधाराच्या आत जालना गाठू."

"मी न्हाई येत. उद्या दहाला मीटिंग लावली, सकाळी पाणी सोडायचंय. मी हितंच राहते घरी. लोकांना शब्द दिलाय."

"मंग मी गुरुवारी येतो. दुकान बंद असतं. काही अडलं तर—"

"अडलं तर बदरोद्दीनभाई हायेत," ती मऊ आवाजात म्हणाली. आणि मंग, त्याच्या शर्टाच्या बाहीवरचा गुलाल झटकत, "तुम्ही दिवाळीला या."

काकासाहेबानं किल्ली फिरवली, गाडी चालू केली. गिअर टाकला. चार हात पुढं गेला, थांबला, गाडी बंद केली आणि मान वळवून विचारलं, "उषा, अर्पिताचा डबा किती वाजता लागतो?"

"सव्वासहाला," ती म्हणाली. "अन् मेथी नका देऊ, परत आणती."